जांभा, धुके आणि चांदीचे क्षार : सातारा-सांगलीच्या निसर्गवाटांवरील कृष्णधवल छायाचित्रण

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून जो भूप्रदेश होतो, त्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांत तो कसाबसा ५०० मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत सदाहरित जंगल, जांभ्याची उघडी पठारे, कृष्णाकाठची काळी जमीन आणि खुरट्या बाभळींचे माळ असे सारे एकामागून एक येत असल्यामुळे येथे पायी हिंडणाऱ्याला दर दिवसाच्या चालीनंतर वेगळाच रंग सामोरा येतो. अशा रंगसमृद्ध प्रदेशात रंगच न टिपणाऱ्या माध्यमाने निसर्ग पाहण्याची हौस रुजावी, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु कृष्णधवल छायाचित्रणाचा येथील इतिहास तपासला असता असे दिसते की, या प्रदेशाचे रंग आणि छायाचित्राची रासायनिक द्रव्ये यांच्यात जवळजवळ शतकभर एक झगडा चालू होता, आणि या माध्यमात रमणाऱ्यांना लाभणारा आनंद त्या झगड्यातूनच घडत गेला.

हा झगडा समजून घेण्यासाठी माध्यमाची मूळ प्रक्रिया प्रथम सांगितली पाहिजे. चांदीचे ब्रोमाइड, आयोडाइड यांसारखे क्षार प्रकाश पडताच अंतर्यामी बदलतात, आणि डेव्हलपर म्हणजे विकासक द्रावणात बुडवल्यावर, जेथे प्रकाश पडला तेथे त्यांचे रूपांतर काळ्या धातुरूप चांदीत होते. उरलेले, प्रकाश न लागलेले क्षार ‘हायपो’ने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने, विरघळवून काढले की प्रतिमा कायम होते. उजेड तेथे काळे आणि सावली तेथे पारदर्शक अशी ही उलटी प्रतिमा म्हणजे निगेटिव्ह, आणि तिच्यातून पुन्हा प्रकाश सोडून कागदावर उमटवलेली सुलटी प्रतिमा म्हणजे प्रिंट. कृष्णधवल चित्रात जो करडेपणाचा विस्तार दिसतो, तो सर्वस्वी चांदीच्या कणांच्या दाटीवर अवलंबून असतो. मात्र हे क्षार मुळात केवळ निळ्या, जांभळ्या आणि अतिनील किरणांनाच दाद देतात. हिरवा, पिवळा आणि तांबडा प्रकाश त्यांच्या लेखी अंधारासारखाच असतो. पुढील साऱ्या कथेचे मूळ या एका गुणधर्मात आहे.

महाबळेश्वरचे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसणे आणि छायाचित्रणाचा शोध या दोन घटनांत फार अंतर नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८-२९च्या सुमारास, साताऱ्याच्या छत्रपतींशी करार होऊन तेथे वसाहत उभी राहिली आणि तिला माल्कम पेठ हे नाव मिळाले. १८४२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी वेण्णा तलाव बांधवून घेतला. आणि या दोहोंच्या मध्ये, १८३९ साली, डागेर यांचा छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम महाबळेश्वरी हलत असल्यामुळे अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि मुंबईतील धनिक यांची तेथे वर्दळ असे, आणि सकाळ-संध्याकाळ एखाद्या ‘पॉइंट’पर्यंत, म्हणजे दरीवर झुकलेल्या कड्याच्या टोकापर्यंत, पायी फेरी मारणे हा तेथील दिनक्रमाचा भाग बनला. ऑर्थर सीट, एल्फिन्स्टन, बॉम्बे पॉइंट, केट्स पॉइंट ही नावे त्या काळाने मागे ठेवली. या ठिकाणी जाण्याचा हेतू दृश्य पाहणे एवढाच होता, आणि उपयुक्त कामाशिवाय केवळ पाहण्यासाठी चालण्याची ही रीत निसर्गछायाचित्रणाची पूर्वअट होय, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे. घाटवाटांनी मालाची ने-आण करणारे बैलवाले, गुरे चारणारे धनगर आणि रानातला मध व हिरडा गोळा करणारे लोक त्याच डोंगरांतून पिढ्यान्पिढ्या चालत होते आणि त्यांना या रानाची ओळख पाहुण्यांपेक्षा कितीतरी अधिक होती. पण त्यांच्या चालण्याची नोंद कोणत्याही काचेवर झाली नाही.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासद तिच्यात प्रारंभापासून वावरू लागले. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर याच सुमारास व्यवसाय म्हणून छायाचित्रण पत्करले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात मासिक अंकांच्या रूपाने ‘इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ काढला, यावरून हौशी मंडळींचे एक वर्तुळ मुंबई इलाख्यात जमले होते हे स्पष्ट होते. या वर्तुळाच्या हाती जी पद्धत होती, ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची, म्हणजे वेट कलोडियन पद्धत. तिच्यात काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून ती चांदीच्या द्रावणात बुडवावी लागे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि लेप वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, धुऊन काढावी लागे. परिणामी छायाचित्रकाराला अंधाऱ्या खोलीचा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सारे चित्राच्या जागेपर्यंत वाहून न्यावे लागत असे. हिमालयात फिरणाऱ्या सॅम्युअल बोर्न यांच्याबरोबर डझनावारी हमाल असत ते याच कारणाने. महाबळेश्वरच्या कड्यांवर तंबू ठोकणे अशक्य नव्हते, पण सह्याद्रीच्या उन्हाळी वाऱ्यात कलोडियन भराभर वाळे आणि मिळालेली दहा मिनिटेही आक्रसत.

वजनापेक्षाही मोठी अडचण रंगांची होती. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरातील दृश्य तीन गोष्टींनी घडते : जांभ्याची तांबडी माती आणि खडक, दाट हिरवी झाडी आणि दूरच्या डोंगररांगांवर साचणारी निळसर धुरकट हवा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी ओल्या काचेला दिसत नसत आणि तिसरी गरजेपेक्षा फार जास्त दिसे. लोहाच्या प्राणिदांमुळे लाल झालेला जांभा निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून तो काचेवर निव्वळ काळा उतरे. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची गर्द पाने एकाच काळ्या डागात मिसळून जात. आणि आकाश व दूरच्या रांगा निळ्या प्रकाशाने अतिरेकी उजळून कोऱ्या पांढऱ्या होत. वासोटा किल्ल्याकडच्या एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या रांगा, ज्यांच्यासाठी आजही लोक पहाटे कड्यावर उभे राहतात, त्या या काचेवर जवळजवळ नाहीशाच होत असत. उघडीपही, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा अवधीही, कित्येक सेकंदांची द्यावी लागत असल्यामुळे वाऱ्याने हलणारे गवत आणि पाने यांचा धूर होई.

या मर्यादा ध्यानात घेतल्या म्हणजे, त्या काळातील छायाचित्रकारांची पावले रानाऐवजी वास्तूंकडे का वळली, याचे उत्तर मिळते. मुंबई सरकारने १८५५ मध्ये थॉमस बिग्ज यांची नेमणूक केली ती विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारती आणि मंदिरे टिपण्यासाठी, आणि त्यांनी त्यासाठी कागदी निगेटिव्हची संथ पण वाहून नेण्यास सोपी पद्धत वापरली. विजापूर हे सांगलीच्या जत तालुक्याला अगदी लागून आहे. तेथील दगड स्थिर आणि तीव्र उन्हात कोरीव सावल्या देणारा. दगडी बांधकाम या माध्यमाला मानवले आणि रान मानवले नाही. एकोणिसाव्या शतकातील चित्रसंग्रहांत निसर्गापेक्षा स्मारके अधिक आढळतात, त्याचे स्पष्टीकरण केवळ सत्ताधाऱ्यांच्या पुरातत्त्वप्रेमात शोधणे अपुरे आहे. रसायनाचा वाटाही तितकाच मानला पाहिजे.

रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेली जिलेटिनची कोरडी काच पुढील दशकात कारखान्यांत तयार होऊ लागली, आणि चालणाऱ्याची तंबूतून सुटका झाली. काचा घरी भरून न्यायच्या, उघडीप द्यायची आणि परतल्यावर सवडीने धुवायच्या, असा क्रम शक्य झाला. हरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले होते की, लेपात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली तर चांदीचे क्षार हिरव्या आणि पिवळ्या प्रकाशालाही दाद देऊ लागतात. या शोधातून आलेल्या काचांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. सह्याद्रीच्या झाडीला पहिल्यांदा पानापानांचे वेगळेपण मिळाले ते या काचांवर. तांबडा रंग मात्र त्यांनाही दिसत नसे, म्हणून जांभा काळाच राहिला. पण याच आंधळेपणाचा एक लाभ होता, तो असा की या काचा तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येत आणि प्रतिमा हळूहळू उमटताना डोळ्यांनी पाहता येत असे. १८९०च्या सुमारास पुण्याहून मिरजेमार्गे लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग पूर्ण झाल्यावर वाठार स्टेशनावर उतरून वाई आणि पसरणीचा घाट या वाटेने महाबळेश्वर गाठणेही सोपे झाले, आणि काचेच्या पेट्या फुटण्याची धास्ती बैलगाडीच्या लांबलचक प्रवासापेक्षा पुष्कळ कमी झाली.

जिलेटिनने नवी संकटेही आणली. प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला हा पदार्थ गरम पाण्यात फुगतो, मऊ होतो आणि काचेच्या कडेने सुटू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या विहिरीचे पाणी तीस अंशांच्या घरात असताना त्यात काच धुणे म्हणजे प्रतिमा घालवण्यासारखेच होते. त्यावरचा उपाय तुरटीचा : तुरटीच्या द्रावणात जिलेटिन कडक होते, आणि माठातले गार पाणी रात्री काढून ठेवून पहाटे काम उरकले तर लेप शाबूत राहतो. पावसाळ्यात उलट तऱ्हा. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावरील हवा ओल्या कापडासारखी असते; निगेटिव्ह वाळता वाळत नाही, आणि वाळली तरी जिलेटिनवर बुरशीची पांढरी नक्षी धरते, जी भिंगांच्या आतल्या काचांनाही सोडत नाही. चुनकळी घातलेल्या हवाबंद डब्यात भिंगे ठेवण्याच्या जुन्या युक्तीची जागा पुढे सिलिका जेलच्या पुड्यांनी घेतली, इतकेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगावी छायाचित्रकारांचे स्टुडिओ निघाले, तेव्हा तेथे निसर्ग आला तो रंगवलेल्या पडद्याच्या रूपाने. मागे तलाव, कमान, दूरवरचे डोंगर आणि पुढे लाकडी खुर्चीत बसलेले कुटुंब अशी मांडणी सर्वत्र रूढ झाली. या पडद्यांचे नाते संगीत रंगभूमीच्या पडद्यांशी आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते सांगलीत, आणि पुढे या टापूत हिंडणाऱ्या नाटकमंडळ्यांसाठी नदी, वन आणि उपवन यांचे पडदे रंगवणाऱ्यांत कोल्हापूरचे आनंदराव व बाबुराव पेंटर हे होते, ज्यांनी नंतर कॅमेराच हाती घेतला. घराबाहेर दहा पावलांवर खरी कृष्णामाई वाहत असताना ग्राहकाला रंगवलेली नदी हवी असे, याचे नवल मानण्याचे कारण नाही. पडद्यावरची नदी स्थिर होती, तिच्यावर उजेड हवा तसा पाडता येई आणि काचेला ती नीट दिसत असे. खऱ्या निसर्गातील वाढ पडद्यावर आणण्याचा मराठी माणसाचा लक्षणीय प्रयत्न दादासाहेब फाळके यांचा, ज्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत चित्रफितीवर उतरवली. तो मुंबईत झाला हे खरे, पण निसर्गाकडे चिकाटीने, दररोज, एकाच जागेवरून पाहण्याची जी शिस्त या माध्यमाला लागते, तिचे ते उत्तम उदाहरण आहे.

चित्र पाहणाऱ्यांचा वर्ग वाढला तो हाफटोन ब्लॉकमुळे. करड्या छटांचे रूपांतर बारीक जाळीतून लहान-मोठ्या ठिपक्यांत करून छायाचित्र अक्षरांबरोबरच छापण्याची ही पद्धत होय. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची ‘महाबळेश्वर’ (१९१६) आणि ‘द सांगली स्टेट’ (१९१७) ही इंग्रजी पुस्तके मुंबईच्या लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्समधून निघाली. इतिहास, स्थलवर्णन आणि चित्र यांचा त्यांत जो मेळ घातला गेला, तो या दोन प्रदेशांना वाचकाच्या घरात घेऊन गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९२० मध्ये, तेव्हाच्या औंध संस्थानात आणि आताच्या सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांचे मासिक सुरू झाले. स्वतः चित्रकार असलेल्या या संपादकाने आणि औंधचे चित्रकार-राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी, ज्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारले, या कोरड्या माळावर चित्रांकडे पाहण्याची एक अभिरुची घडवली. औंधचा डोंगर चढताना खाली पसरलेला खटावचा तुटक, करडा मुलूख दिसतो. संग्रहालयातील तैलरंग पाहून बाहेर आलेल्याला तो मुलूख आपोआपच छटांच्या भाषेत वाचता येऊ लागतो.

निर्णायक बदल पॅनक्रोमॅटिक फिल्मने घडवला. निळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्व रंगांना दाद देणारा हा लेप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काचांवर आला आणि १९२०-३०च्या दशकांत रोल फिल्मवर रुळला. याच सुमारास, १९२५ मध्ये, लायका हा ३५ मिलिमीटर फिल्मचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि १९२७ मध्ये कोडॅकने डी-७६ हा विकासक प्रसिद्ध केला, जो मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स या चार द्रव्यांचा असून आजही जगभर वापरात आहे. पॅनक्रोमॅटिक फिल्म तांबड्या दिव्यात धुता येत नाही. ती पूर्ण अंधारात, पाण्याचे तापमान मोजून आणि घड्याळ लावून धुवावी लागते. डोळ्यांनी प्रतिमा उमटताना पाहण्याचे सुख गेले, पण त्याच्या मोबदल्यात सह्याद्रीला त्याचे अंतर परत मिळाले. भिंगापुढे पिवळी, नारिंगी किंवा तांबडी काच लावली, जिला फिल्टर म्हणतात, की निळी धुरकट हवा अडवली जाते. आकाश गडद होऊन ढग उठून दिसतात, आणि मागच्या रांगा पुढच्या रांगांपासून सुटतात. जांभाही काळेपणातून बाहेर पडला : तांबड्या फिल्टरमधून तो उजळ, खरबरीत आणि भेगाभेगांनी भरलेला दिसतो. ऐंशी वर्षे काळ्या डागात दडलेला दगड या माध्यमाला अखेर दिसू लागला.

स्वातंत्र्यानंतर ही हौस मध्यमवर्गीय घरांत शिरली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात फिल्म दुर्मीळ आणि महाग असताना, १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीने उटीच्या कारखान्यातून ‘इंदू’ या नावाची कृष्णधवल फिल्म बाजारात आणली. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री हा साधा पेटीवजा कॅमेरा १२० मापाच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे देई. ही बारा चित्रे सहलीला, लग्नाला आणि देवदर्शनाला पुरवायची असत, म्हणून प्रत्येक चित्राआधी माणूस थांबत असे. लेखक गोपाळ नीलकंठ दांडेकर यांनी याच काळात किल्ले पायी पालथे घातले आणि त्यांची छायाचित्रेही काढली. ती पुढे ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या नावाने पुस्तकरूपात आली. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, एसटीने प्रतापगडाच्या पायथ्याशी उतरणारे तरुण हे या काळातील खरे छायाचित्रकार होत, आणि त्यांच्या कपाटांत पडून असलेल्या निगेटिव्हांचे मोल या प्रदेशाच्या पर्यावरणेतिहासाला अजून पुरते कळलेले नाही, असे म्हणावे लागते.

कास पठाराचे उदाहरण येथे तपशिलाने घेण्याजोगे आहे. सातारा शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या आसपास पसरलेले हे जांभ्याचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधील फुलांच्या रंगांसाठी विख्यात झाले. कृष्णधवल फिल्म घेऊन तेथे गेलेल्याला प्रथम हे उमगते की डोळ्याला वेगळे दिसणारे रंग फिल्मवर एक होऊ शकतात. तेरड्याची गुलाबी फुले आणि त्यांच्याभोवतीचे हिरवे गवत यांचा उजळपणा जवळपास सारखा असतो, त्यामुळे फिल्टर न लावता काढलेल्या चित्रात डोळे दिपवणारा गालिचा एकसुरी करडा उतरतो. तांबडा फिल्टर लावला तर फुले उजळतात आणि गवत काळवंडते, हिरवा लावला तर नेमके उलट घडते. सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके पिवळ्या फिल्टरने गडद होतात. सोनकीचा पिवळा रंग, जो जुन्या काचांवर काळा उतरला असता, तो पॅनक्रोमॅटिक फिल्मवर जवळजवळ पांढरा होतो. आणि गेंदाची पांढरी, गुंडीएवढी फुले, ज्यांच्याकडे रंगासाठी आलेल्या गर्दीचे फारसे लक्ष जात नाही, ती कृष्णधवल चित्रात साऱ्या पठाराचा ताबा घेतात : ओल्या काळ्या खडकावर, पाण्याच्या पातळ थरात उभे असलेले शेकडो पांढरे गेंद हे या माध्यमाला मिळालेले दान आहे. चवरीची पांढरी फुले आणि तिची रुंद, शिरांनी उठलेली पाने यांचेही तसेच. म्हणजे रंग काढून घेतल्याबरोबर पठारावरील मानाचा क्रमच बदलतो. जे दुय्यम होते ते पुढे येते, आणि पाहणाऱ्याला खडक, पाणी, पानाचा पोत आणि फुलाची बैठक यांकडे नव्याने वळावे लागते. या वळण्यातला आनंद हा या छंदाचा गाभा आहे. साधारण सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी तर न फुललेल्या वर्षांतही, आपल्या सरळ काठ्यांच्या दाट रेषांनी, कृष्णधवल चित्राला पुरेशी असते.

धुके हा घाटमाथ्याचा दुसरा विषय. प्रकाशमापकाची रचना समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून झालेली असल्यामुळे तो पांढऱ्या धुक्याला फसतो आणि कमी उघडीप सुचवतो; म्हणून एक ते दीड स्टॉप अधिक द्यावा लागतो, स्टॉप म्हणजे प्रकाशाचे प्रमाण दुप्पट किंवा निम्मे करणारे एक पाऊल. देवरायांत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जुन्या रानांत, अडचण उलटी असते. तेथे भर दुपारीही इतका अंधार असतो की उघडीप सेकंदांत मोजावी लागते, आणि एका सेकंदापलीकडे फिल्मची दाद मंदावत जाते : मापकाने दहा सेकंद सांगितले तर इल्फर्डच्या एचपी-५ सारख्या फिल्मला प्रत्यक्षात वीसच्या आसपास द्यावे लागतात. तिपाईवर कॅमेरा ठेवून ते वीस सेकंद उभे राहिलेल्या माणसाला वेलींचा पीळ, मुळांवरचे शेवाळ आणि वरून गळणारे पाणी यांच्याकडे पाहण्यावाचून दुसरे काही करता येत नाही.

पूर्वेकडील मुलखाला या लेखनपरंपरेत आणि चित्रपरंपरेत नेहमीच कमी जागा मिळाली, आणि हा अन्याय आहे. मायणीचा तलाव, जेथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर, धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड टेकड्यांवर उभे राहिलेले आणि १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे सागरेश्वर, माणदेशातील माडगूळच्या परिसरातील मेंढरांच्या वाटा, जेथे जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनी रानातला प्राणी आणि पक्षी शब्दांबरोबरच रेषांनीही टिपला : ही सारी कोरड्या, स्वच्छ हवेची ठिकाणे आहेत. येथे धुरकटपणा कमी, सावली धारदार, आणि रंग मुळातच मोजके. बाभळीच्या काट्यांचे पांढरेपण, पेरणीआधी उकरलेल्या काळ्या मातीचे ढेकूळ, दगडी ताली आणि रिकामे आकाश यांना फिल्टरची गरजच पडत नाही. पश्चिमेकडे फिल्म धुताना धुके आणि हिरवाई यांतला थोडासा फरक वाढवण्यासाठी विकासन लांबवावे लागते, तर पूर्वेकडे ऊन आणि सावलीतील मोठा फरक आवरण्यासाठी ते आखडते घ्यावे लागते; एकाच डी-७६ मध्ये दोन मुलखांसाठी दोन वेळा पाळाव्या लागतात. त्यातच पाण्याचा प्रश्न येतो. वीस अंश तापमानाला ज्या फिल्मला दहा मिनिटे लागतात, तिला चोवीस अंशांना सुमारे सातच मिनिटे पुरतात, आणि एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदलले तर जिलेटिन सुरकुतते व चित्रावर बारीक जाळे पडते.

रंगीत फिल्म १९८०च्या दशकात स्वस्त झाली, गावोगावी रंगीत लॅब निघाल्या, आणि स्टुडिओंच्या मागच्या अंधाऱ्या खोल्या अडगळीच्या झाल्या. अंकीय कॅमेऱ्यांनी उरलेले काम केले आणि उटीचा कारखानाही बंद पडला. तरीही परदेशी बनावटीची कृष्णधवल फिल्म आज मिळते, आणि ती महाग असूनही पुण्या-मुंबईतून, सातारा-सांगलीतून काही तरुण मंडळी ती घेऊन डोंगरात जातात. त्यांची संख्या मोठी नाही. कासवर दैनंदिन पर्यटकसंख्येला मर्यादा आल्यापासून त्यांपैकी अनेकांनी हंगाम टाळून, फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत वाळून जांभा उघडा पडतो तेव्हा पठारावर जाण्याचा पर्याय निवडावा, हे माध्यमाच्या स्वभावाला धरूनच होईल, कारण तेव्हा तेथे फुलांऐवजी फक्त पोत उरलेला असतो.

जुन्या निगेटिव्हांच्या रक्षणाकडे मात्र तातडीने लक्ष देण्याची गरज आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढले आणि तळमजल्यावरील घरे व दुकाने दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. अशा पाण्यात भिजलेली फिल्म एकमेकींना चिकटून वाळली की जिलेटिन पुन्हा सुटत नाही आणि प्रतिमा उपटून निघते. तीच फिल्म वाळू न देता स्वच्छ, गार पाण्यात ठेवली, हलक्या हाताने एकेक सोडवली आणि चिमट्यांना टांगून सावलीत वाळवली, तर बहुतेक वेळा वाचते. काचेच्या निगेटिव्ह आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवाव्यात, प्रत्येकीला आम्लरहित कागदाचे स्वतंत्र पाकीट द्यावे, आणि पाकिटावर जागेचे नाव, शक्य असल्यास महिना व वर्ष, पेन्सिलीने लिहावे. शाईचा आम्ल अंश काळाने लेपापर्यंत उतरतो.